पहिली मोटारसायकल : मुहूर्तापूर्वीची तयारी

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की दुचाकींच्या दालनांत एकच लगबग सुरू होते. नव्या मोटारसायकलला झेंडूचा हार घातला जातो, नारळ वाढविला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि पेढ्यांचा पुडा घेऊन नवा मालक घराकडे निघतो. त्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा असतो. शिरस्त्राण मात्र बहुधा हँडलला अडकविलेले असते.

हे चित्र आनंदाचे असले तरी काळजीचेही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ व्यक्ती दुचाकीवरील होत्या. त्याच वर्षी शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्तींचा मृत्यू झाला व त्यांतील १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. मोटारसायकल ही अनेक कुटुंबांची पहिली मोठी खरेदी असते आणि ती चालविणारा हा पुष्कळदा घरातील एकमेव कमावता असतो. म्हणून वाहनाचा रंग ठरविण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार होणे आवश्यक आहे.

अंदाजपत्रकाचा क्रम

बहुतेक खरेदीदार आधी मोटारसायकल निवडतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भागवितात. हा क्रम उलटा असावा. समजा, एखाद्या तरुणाने एक लाख रुपयांची तरतूद केली आहे. त्यातून दोन चांगली शिरस्त्राणे, हातमोजे, घोटा झाकणारे बूट व पावसाळी पोशाख यांसाठी आठ ते दहा हजार रुपये प्रथम बाजूला काढावेत. त्यानंतर परवाना, नोंदणी व विमा यांचा खर्च धरावा. जी रक्कम उरेल, तीत बसणारी मोटारसायकल हीच त्याची मोटारसायकल होय. दालनात सांगितली जाणारी मूळ किंमत आणि रस्त्यावर उतरेपर्यंतची किंमत यांत बरेच अंतर असते, हेही ध्यानात ठेवावे.

वाहनाची निवड

नवशिक्याने वाहन निवडताना शक्तीपेक्षा वजनाकडे अधिक लक्ष द्यावे. १०० ते १२५ सी.सी.च्या मोटारसायकलींचे वजन साधारणपणे ११० ते १२५ किलो असते, ३५० सी.सी.च्या काही लोकप्रिय मोटारसायकली १९० किलोच्या आसपास भरतात. चालू असताना हा फरक फारसा जाणवत नाही. उतारावर थांबताना, वाळूत वळविताना किंवा गर्दीत पाय टेकताना मात्र तो पुरेपूर जाणवतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पाऊले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत व मनगटे न वाकविता क्लच आणि ब्रेक हातात आले पाहिजेत. ही परीक्षा दालनातच घ्यावी.

ब्रेकची पद्धतही विचारून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. बंधनकारक झाले आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी अडकून घसरू नये, यासाठी ही यंत्रणा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक करते. मात्र वळणावर अतिवेगाने घेतलेला धोका ती दूर करू शकत नाही.

शिरस्त्राण आणि पोशाख

शिरस्त्राणाचे खरे काम त्याच्या चकचकीत कवचापेक्षा आतील थर्माकोलसारखा जाड थर करतो. आघात होताच हा थर चिरडतो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का स्वतः सोसतो. म्हणून एकदा जोरदार आघात झालेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नये. शिरस्त्राणांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की त्यांच्या वापराने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी केवळ आय.एस.आय. चिन्हांकित शिरस्त्राणेच विकता येतात. रस्त्याच्या कडेला मिळणारी पातळ टोपी पोलिसांच्या दृष्टीस पडण्यापुरतीच असते. डांबराला ती फसवू शकत नाही. खरेदी करताना भुवयांच्या किंचित वर डोक्याचा घेर मोजावा. शिरस्त्राण घालून मान हलविली असता गालांची त्वचा त्याच्याबरोबर सरकली पाहिजे; शिरस्त्राण एकटेच फिरत असेल, तर ते सैल आहे. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जावीत. न बांधलेले शिरस्त्राण अपघाताच्या पहिल्याच क्षणी डोक्यावरून निघून जाते.

पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे टाकतो. म्हणून हातमोजे ही चैन नव्हे. चप्पल घालून गीअर बदलणे व पाय टेकणे दोन्ही धोक्याचे आहे. उकाड्याच्या प्रदेशांत जाळीच्या कापडाचे, खांदे व कोपरांवर संरक्षक पट्ट्या असलेले जाकीट सोयीचे पडते. ते शक्य नसेल, तर किमान जाड सुती पूर्ण बाह्यांचा वेश असावा. पावसाळी पोशाख उजळ रंगाचा व अंगासरशी असावा. वाऱ्याने फडफडणारा घोंगता चाकात किंवा साखळीत अडकू शकतो.

परवाना म्हणजे प्रशिक्षण नव्हे

गीअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो व तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे ३० दिवस केवळ वाट पाहण्याचे नसून शिकण्याचे आहेत. आठाचा आकडा पाय न टेकता काढता आला म्हणजे वाहन आले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ती केवळ तोल सांभाळण्याची चाचणी आहे. काही दुचाकी उत्पादक कंपन्यांनी मोठ्या शहरांत प्रशिक्षण उद्याने चालविली आहेत. तशी सोय जवळ नसल्यास अनुभवी व शांत स्वभावाच्या व्यक्तीबरोबर रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर सराव करावा.

सरावाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम केवळ अर्ध्या क्लचवर, चालण्याच्या वेगाने सरळ रेषेत जावे. त्यानंतर दोन्ही बाजूंना वळणे घ्यावीत. वळताना नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवावी, कारण नजर जाते तिकडेच वाहन जाते. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा धडा ब्रेकचा. पुढचा ब्रेक दाबला की वाहन पालथे होते, या ऐकीव भीतीमुळे अनेक जण केवळ मागचा ब्रेक वापरतात. वस्तुतः वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो व थांबविण्याचे बहुतांश काम तेच चाक करते. पुढचा ब्रेक झटका न देता, क्रमाक्रमाने दाबत मागच्या ब्रेकची जोड द्यावी. आधी ताशी २० कि.मी., मग ३० व नंतर ४० कि.मी. वेगाने हा सराव करावा.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. ताशी ३० कि.मी. वेगात धोका दिसून ब्रेक लागेपर्यंतच्या एका सेकंदात वाहन सुमारे ८ मीटर पुढे जाते व चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी ६ मीटर घेते. एकूण १४ मीटर. ताशी ६० कि.मी. वेगात हेच आकडे १७ आणि २३ मीटर, म्हणजे एकूण ४० मीटर होतात. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचे अंतर चौपट झाले. केवळ मागचा ब्रेक वापरल्यास ते याहूनही कितीतरी वाढते.

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे व रेल्वेचे रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक दाबू नये. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच गृहीत धरावे. घाट उतरताना इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही घातक सवय होय. खालच्या गीअरमध्ये इंजिनच वेग आवरून धरते.

मागे बसणारी व्यक्ती

मागे बसणाऱ्यासही शिरस्त्राणाची तितकीच गरज आहे, हे वर दिलेल्या आकड्यांवरून स्पष्ट होते. साडीचा पदर व ओढणी चाकात अडकू नये यासाठीचे संरक्षक आवरण, हाताची पकड आणि पाय ठेवण्याची जागा या गोष्टी नियमानेच आवश्यक आहेत; केवळ देखणेपणासाठी त्या काढून टाकू नयेत. चार वर्षांखालील बालकासाठी सुरक्षापट्टा, शिरस्त्राण व ताशी ४० कि.मी.ची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली आहे. नवशिक्याने पहिले काही महिने कोणासही मागे न बसविणे उत्तम.

कर्ज आणि विमा

कर्ज घेताना केवळ मासिक हप्ता न पाहता व्याजाची पद्धत विचारावी. उदाहरणार्थ, ८०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के दराने, घटत्या शिलकेवर घेतल्यास हप्ता सुमारे २,६५७ रुपये व एकूण व्याज सुमारे १५,६५७ रुपये होते. तोच १२ टक्के दर मूळ रकमेवर, म्हणजे ‘फ्लॅट’ पद्धतीने लावल्यास व्याज २८,८०० रुपये व हप्ता ३,०२२ रुपये होतो. दर एकच, पण भार जवळजवळ दुप्पट! कर्ज फिटल्यावर ना-हरकत प्रमाणपत्र व फॉर्म ३५ घेऊन नोंदणी पुस्तकातील तारणाची नोंद रद्द करून घ्यावी.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक झाला. हा विमा इतरांच्या हानीची भरपाई करतो. स्वतःच्या वाहनाची किंवा शरीराची नव्हे. स्वतःसाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, परंतु ते ‘मालक-चालक’ या नात्याने मिळते. येथेच अनेक कुटुंबांची गफलत होते. मोटारसायकल वडिलांच्या नावावर असते आणि रोज चालवितो मुलगा. मुलास अपघात झाला, तर वडिलांच्या नावावरील हे संरक्षण त्याला मिळत नाही. म्हणून जो चालविणार त्याच्याच नावाने नोंदणी करावी किंवा त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्यावा, आणि नामनिर्देशन विसरू नये. वैध परवाना नसल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास तर पालकास किंवा मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नोकरीनिमित्त परराज्यात वाहन नेणाऱ्यांनी १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य होणार असल्यास तेथे पुनर्नोंदणी करून घेणे आवश्यक आहे.

निघण्यापूर्वी

रोज निघताना टायर, ब्रेक, दिवे व साखळी यांवरून एकदा नजर फिरविण्यास एक मिनिट लागते. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. त्यानंतर शिरस्त्राणाचा पट्टा बांधावा व मगच किल्ली फिरवावी.

नव्या वाहनाची पूजा जरूर करावी. ती आपली परंपरा आहे. मात्र पूजेच्या ताटाशेजारी त्या दिवशी दोन शिरस्त्राणेही ठेवावीत आणि कुंकवाचे बोट त्यांनाही लावावे. सायंकाळी दारात गाडीचा आवाज येईपर्यंत ज्या घराचा जीव थाऱ्यावर नसतो, त्या घरासाठी याहून शुभ मुहूर्त दुसरा नाही.