सरकारी वकील असताना विशेष अभियोक्ता कशासाठी?

प्रश्न : मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येच्या खटल्यात शासनाने अ‍ॅड. उज्ज्वल निकम यांना नेमले. जिल्ह्यात सरकारी वकील असता ही नेमणूक घटनाबाह्य नव्हे काय? आमच्या खटल्यातही असा वकील मागता येईल का?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : आपली शंका स्वाभाविक असली तरी निराधार आहे. फौजदारी प्रक्रिया हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) अन्वये, किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीस एखाद्या खटल्यापुरते विशेष सरकारी अभियोक्ता नेमण्याचा अखत्यार राज्य शासनास आहे. फेब्रुवारी २०२५ मधील ही नेमणूक त्याच अखत्यारातील. मात्र मागितला की मिळाला, असा हा खिरापतीचा कारभार नव्हे (आणि नसावाच). प्रत्येक अर्जाची योग्यता पारखूनच निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली मुकुल दलाल प्रकरणात बजावले आहे. तेव्हा सबळ कारणे नमूद करून विधी व न्याय विभागाकडे अर्ज गुदरावा. तो नामंजूर झाला तरी हताश होऊ नये. न्यायालयाच्या परवानगीने आपल्या पसंतीचा वकील अभियोक्त्याच्या साहाय्यास देता येतो. सत्र न्यायालयात मात्र त्याने अभियोक्त्याच्या निर्देशानुसारच वागावयाचे असते, आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद सादर करता येतो.