माणूस वाटणीत येत नाही

पवित्र शास्त्र अभ्यास – लहान ख्रिस्ती समूहांसाठी

वाचन : फिलेमोनाला पत्र (संपूर्ण), लेवीय २५:३९-४६, गलतीकरांस पत्र ४:१-७



घरातील कर्ता माणूस देवाघरी गेला की काही दिवसांनी वाटणीचा विषय निघतो. तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, सातबाऱ्यावर नावे चढतात. जमीन, घर, बैलजोडी, आईचे दागिने, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळ्याची यादी होते. जगाच्या इतिहासात फार मोठा काळ असा गेला की या यादीत माणसेही असत. धनी वारला की त्याचे दास-दासी मुलांमध्ये वाटले जात. आई एका भावाकडे, तिची लेक दुसऱ्या भावाकडे.

संत पौलाच्या पत्रांपैकी सर्वांत लहान पत्र अशाच एका दासासाठी लिहिलेले आहे. त्यात फक्त २५ वचने आहेत. सामान्य काळातील तेविसाव्या रविवारी, ‘क’ वर्षात, म्हणजे तीन वर्षांतून एकदा, आपण मिस्सामध्ये ते ऐकतो. ते नीट समजण्यासाठी आधी त्या काळोख्या वारशाची ओळख करून घेऊ या.

१. आपल्या मुलखातील वाटणी

गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण ती आपल्या भूमीतही होती. नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला असे ते प्रकार आहेत, आणि त्यांतच वारसाहक्काने आलेला दास हाही एक आहे.

बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शेकडो वर्षे त्याच्या आधाराने होत आल्या. त्यात एक प्रश्न घेतला आहे : दासींची संख्या वाटेकऱ्यांच्या संख्येशी जुळत नसेल तर काय करावे? उत्तर असे की त्यांची किंमत करून वाटणी करू नये; सर्व वाटेकऱ्यांनी त्यांच्याकडून आळीपाळीने काम करून घ्यावे. त्याच प्रकरणात विहिरीच्या पाण्यालाही हाच नियम लावला आहे. विहीर तोडून वाटता येत नाही म्हणून पाळी, आणि बाई तोडून वाटता येत नाही म्हणून तिचीही पाळी!

पेशवाईतही दासी होत्या. त्यांना कुणबिणी किंवा बटकी म्हणत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि सरकार त्यावर जकात घेई. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या मुली त्यांत असत. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बायकांनाही सरकार दासी करी. कोणी घरकामाला, कोणी सरकारी कोठीत, कोणी किल्ल्यावर. दासीच्या पोटी आलेले मूलही धन्याचेच मानले जाई. सुटका हवी असेल तर पैसे भरावे लागत किंवा आपल्या जागी दुसरी बाई द्यावी लागे.

जालन्याजवळचे एक नावही आठवू या. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला. लहानपणी तो विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. धनी वारला तेव्हा तोही वारसांकडे जाऊ शकला असता. परंतु धन्याच्या विधवेने त्याला मुक्त केले, असे सांगितले जाते. हाच माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. कालव्यांची आणि जमीन महसुलाची त्याची व्यवस्था प्रसिद्ध आहे. एका बाईने वाटणीच्या यादीतून एक नाव वगळले, त्याचे हे फळ. यादीत राहून गेलेल्यांमध्ये किती अंबर असतील, याचा विचार करावा.

२. मळ्यांच्या देशात

अमेरिकेत तंबाखू, ऊस आणि कापसाच्या मोठमोठ्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले लोक राबत. व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ मध्ये कायदा झाला की मुलाची स्थिती आईप्रमाणे ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कोणी का असेना. त्यामुळे धन्याच्या घरी वासरे वाढावीत तशी मालमत्ता वाढू लागली.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना वडिलांच्या मृत्यूनंतर, १७४३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी दहा गुलाम वारसाहक्काने मिळाले. १७९९ मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतील १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. पत्नीच्या निधनानंतर त्यांना मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले, आणि पत्नी मार्था यांनी १ जानेवारी १८०१ रोजी, आपल्या हयातीतच, त्यांना मोकळे केले. पण १५३ जण मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले होते. कायद्याने त्यांना कोणीच सोडू शकत नव्हते. ते नातवंडांचा ‘हक्क’ होते. दोन्ही गटांतील माणसांची आपसांत लग्ने झालेली होती. म्हणून काही घरांत नवरा मोकळा झाला आणि बायको-मुले चार नातवंडांच्या वाटणीत गेली.

३. बोट स्वतःकडेही

प्रिय श्रद्धावंतांनो, इतरांच्या ग्रंथांकडे आणि देशांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. लेवीय २५:४४-४६ उघडून वाचा. परदेशी दास-दासी विकत घ्यावेत आणि ते मुलाबाळांना वतन म्हणून ठेवावेत, अशी परवानगी तेथे आहे. मळ्यांचे मालक याच वचनांचा आधार घेत. त्याच अध्यायात इस्राएली बांधवाला मात्र दासासारखे राबवू नये, योबेल वर्षी तो मुलांसह मोकळा व्हावा, असेही आहे. म्हणजे ‘आपला’ आणि ‘परका’ ही भिंत तेथे उभी होती. ती भिंत प्रभू येशूने पाडली. म्हणूनच जुना करार आपण ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो.

ख्रिस्तसभेच्या लेकरांनीही हे पाप केले. गोव्यातील ख्रिस्ती घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. अमेरिकेत मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम लुइझियानातील मळ्यांना विकले. त्या पैशातील काही भागातून जॉर्जटाऊन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडले गेले. त्यानंतरच्या वर्षी, १८३९ मध्ये, पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला. २०१७ मध्ये येशूसंघाने त्या २७२ जणांच्या वंशजांसमोर क्षमा मागितली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये गुलामगिरीला मानवी जीवनाचा अपमान करणाऱ्या दुष्कृत्यांत गणले आहे.

४. पौलाची चिठ्ठी

आता फिलेमोनाच्या घरी जाऊ. तो कलस्सै येथील खातापिता ख्रिस्ती गृहस्थ. त्याच्या घरात मंडळी प्रार्थनेसाठी जमत. अनेसिम हा त्याचा दास. रोमी कायद्याप्रमाणे दास ही वस्तू. धनी वारला की तो वारसांकडे जाई. अनेसिम धन्याकडून निघून आला, तुरुंगात असलेल्या पौलाला भेटला आणि ख्रिस्ती झाला. पौलाने त्याला परत पाठवले, पण हातात पत्र देऊन.

पत्रातील तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली : पौल अनेसिमाला आपले लेकरू म्हणतो, जणू आपले काळीजच पाठवतो आहे. दासाला कायद्याने बाप नसतो. पौल स्वतः त्याचा बाप होतो.

दुसरी : पौल फिलेमोनाला सांगतो की याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घरात घे, मी आलो असतो तर जसे घेतले असतेस तसे घे. हे पत्र अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. म्हणजे फिलेमोनाला उत्तर सर्वांसमोर द्यायचे होते.

तिसरी : अनेसिमाने काही नुकसान केले असेल किंवा काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. कर्ज माणसाच्या मानेवर बसू नये म्हणून तो जामीन राहतो.

पौलाने गुलामगिरी बंद करा असे म्हटले नाही, हे खरे आहे. परंतु जो भाऊ झाला त्याला मुलांच्या वाटणीत कसे लिहिणार? गलतीकरांना तो सांगतो की तुम्ही आता दास नाही, पुत्र आहात. आणि पुत्र म्हणून देवाचे वारसही आहात. त्या काळी एकाच अंगणात धन्याचा मुलगा आणि दासाचा मुलगा खेळत. पुढे एक जण दुसऱ्याचा धनी होई. पौलाच्या शिकवणीत वारसा म्हणून मिळणारा माणूस स्वतःच वारस ठरतो. २०१५च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी, आता आपण दास नसून भावंडे आहोत, हा विषय याच पत्रावरून घेतला होता.

५. कायदा आणि आपला जिल्हा

इंग्रजी मुलखात १८४३च्या कायद्याने गुलामावरील मालकी न्यायालयात मागता येईना. ज्याच्याकडे वारशाने किंवा स्वतःच्या कष्टाने मालमत्ता आली आहे, त्याला गुलाम म्हणून तीतून काढता येणार नाही, असेही त्यात होते. काल जो वाटणीतील वस्तू होता, त्याला वारस होण्याचा हक्क मिळाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५० मध्ये संविधानाच्या कलम २३ने वेठबिगारीला सर्व भारतात बंदी केली.

तरी वारसा संपला का? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावची वेठ बापाकडून मुलाकडे जाई. आजही आपल्या जिल्ह्यातून हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. नवरा वारला तर कुठे कुठे बायकोला, पोराला सांगितले जाते की बापाची बाकी तू कोयता धरून फेड. पूर्वी धन्याचा मुलगा दास वारशाने घेई. येथे मजुराचा मुलगा दास्य वारशाने घेतो.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नाही. पण उचलीपोटी माणसाला काम सोडता येत नसेल, दुसरीकडे जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी आहे. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वारसाने आलेल्या बंधनाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा बंधनाखालील कर्ज कायद्याने रद्द होते. ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. आणि साधे कर्ज असले तरी वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. त्याचे हातपाय त्या मालमत्तेत धरले जात नाहीत.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत बापाच्या उचलीपायी शाळा सोडलेले मूल आहे का? त्याच्यासाठी आपण मिळून काय करू शकतो?
२. आपल्या घरी सालगडी किंवा धुणी-भांडी करणारी बाई असेल, तर आपण तिच्याशी फिलेमोनाला सांगितल्याप्रमाणे वागतो का?
३. कोणाचे देणे ‘माझ्या खात्यावर मांड’ असे म्हणण्याची आपली तयारी आहे का?

प्रार्थना : हे पित्या, तू आम्हांला दास म्हणून नव्हे, तर लेकरे म्हणून आपल्या घरात घेतलेस. कोणत्याही माणसाला वस्तू समजण्यापासून आम्हांला राख. जी लेकरे आईबापांच्या कर्जाखाली वाकली आहेत, त्यांची मान ताठ कर, आणि त्यासाठी आमचे हात वापर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.