हंसिणीच्या अंड्यांचा हिशेब

पोरांनो, रिमवर्ल्ड या खेळात भात पिकवायला सगळेच लवकर शिकतात. शेत बर्फाखाली गेलं की काय खायचं, हे मात्र आधी कुणाला सुचत नाही. म्हणून सांगतो, पहिल्याच उन्हाळ्यात व्यापाऱ्याकडे पाळीव हंस दिसले तर घ्या. पण आधी माद्याच घ्या. नर नसला तरी त्या अंडी देतात. ती न फळलेली असल्यानं त्यांतून कधी पिल्लू निघत नाही, बिनधास्त चुलीवर जातात.

कुंपण, त्या आवाराला जनावरांचं पेन ठरवणारा खांब आणि आत एक अंडीपेटी एवढं आधी करा. अंडीपेटी 2021 च्या 1.3 आवृत्तीत आली. त्यामुळे अंडी कुरणभर शोधत फिरावं लागत नाही. न फळलेलं अंडं बाहेर 15 दिवसांनी कुजायला लागतं, गोठवलं तर टिकतं. कच्चं कुणाला खाऊ घालू नका, मनं नाराज होतात. साध्या जेवणाला 0.5 पोषणाचा कच्चा माल लागतो आणि ताट बनतं 0.9 चं. हा फायदा सोडायचा कशाला? स्वयंपाक 6 पर्यंत शिकलेला कुणी असेल तर अंड्यासोबत भाजी घालून चांगलं जेवण करायला लावा. त्यात अंडं मांसाच्या जागी चालतं, शिकारीला जाणाऱ्याचा जीव वाचतो.

नर आणलात की खरी काळजी सुरू. फळलेलं अंडं फ्रीझरमध्ये गेलं तर शून्याखाली आतलं पिल्लू मरतं. शंका आली की अंड्यावर क्लिक करा: फुटायला किती टक्के झालं ते खाली दिसतं, गारठत असेल तर तेही. पिल्लं हवी असतील तर ही अंडी पेनमध्येच राहू द्या. कोठारात फुटलं तर पिल्लू कुंपणाबाहेर जन्मतं, आणि मोकळं राहिलेलं जनावर एक दिवस नकाशाबाहेर निघून जातं. कळप वाढवायचा नसेल तर हीच अंडी मुद्दाम गोठवा. शेकडो पक्ष्यांनी खेळ रखडतो, चाराही पुरत नाही.

चाऱ्याचं मनावर घ्या. भुकेल्या हंसिणीचं अंडी देणं मंदावतं, उपासमार झाली की पूर्ण थांबतं. पहिलं पान गळायच्या आत वैरणीचा एक पट्टा पेराच.