ढगातले कपाट

‘क्लाउड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग असा आहे. तथापि ज्या साठवणीला हे नाव पडले, तिचा आकाशाशी काडीमात्र संबंध नाही. जमिनीवरील मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात आणि लोकांचे लेख, हिशेब व छायाचित्रे त्यांत ठेवलेली असतात. घरबसल्या इंटरनेटच्या साहाय्याने त्यांपर्यंत पोहोचता येते, इतकेच. ढगापेक्षा कपाट हेच नाव या साठवणीला अधिक शोभले असते. कपाटाला खण असतात, तसे येथे फोल्डर असतात. खणात कागद असतात, तशा फोल्डरात फायली असतात. भेद एवढाच, की येथील एकच कागद कोल्हापुरातील मुलगा, नागपुरातील त्याची आत्या आणि लंडनमधील मामा हे एकाच वेळी वाचू शकतात. मात्र ज्याची ती फाईल आहे, त्याने तशी परवानगी दिलेली असली पाहिजे. पुष्कळसे घोटाळे या परवानगीपाशीच होतात.

गूगल कंपनीची ‘ड्राइव्ह’ ही साठवण २०१२ साली सुरू झाली. समजा, एका शाळेतील सातवीच्या वर्गाने वार्षिक अंकाचे साहित्य तीत एकत्र करण्याचे ठरविले. वर्गशिक्षिकेने एक फोल्डर तयार केला. मुलांनी आपापल्या कविता व गोष्टी शाळेतील संगणकावर लिहून त्यात ठेवल्या. सायंकाळी एका मुलाने घरी त्या फोल्डरची लिंक उघडली, तो कवितेचे दर्शन नाही. ‘प्रवेशासाठी परवानगी हवी’ एवढाच मजकूर पडद्यावर आला. आपली कविता नाहीशी झाली असे वाटून तो रडकुंडीस आला. वास्तविक कविता जागच्या जागी होती. परवानगी नसणे आणि फाईल नसणे या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. परंतु घाबरलेल्या मनाला हा भेद सुचत नाही.

मग अडले कोठे? बाईंनी परवानगी दिली होती ती शाळेने मुलाला दिलेल्या ईमेलच्या पत्त्याला. मुलाने लिंक उघडली ती ताईच्या फोनवर, आणि त्या फोनवर ताईचे खाते चालू होते. यंत्र माणसाचा चेहरा पाहत नाही. ते खाते पाहते. ताईचे नाव यादीत नव्हते, म्हणून दार उघडले नाही. फोनवर स्वतःचे खाते निवडताच तीच लिंक तत्काळ उघडते. म्हणून दार उघडत नाही असे दिसल्यास ‘या क्षणी आपण कोणाच्या नावाने आत जात आहोत?’ हा प्रश्न आधी विचारावा. पत्ता लिहिताना बाईंकडून एखादे अक्षर चुकले असेल, तरीही हाच प्रकार घडतो.

कधी दार उघडते, परंतु लिहिता येत नाही. कळफलक बिघडला अशी समजूत करून घेऊन मुले तो बडवू लागतात. परवानगीचे प्रकार तीन आहेत: कोणी केवळ वाचावे, कोणी वाचून शेरा द्यावा, कोणी मजकुरात बदलही करावा. ज्याला केवळ वाचण्याची परवानगी आहे, त्याला एक स्वल्पविरामही घालता येत नाही.

याहून फसवे प्रकरण स्थलांतराचे. फोल्डरला दिलेली परवानगी आतील सर्व फायलींना आपोआप लाभते. उद्या बाईंनी नीटनेटकेपणासाठी चार कविता आपल्या खाजगी फोल्डरात हलविल्या, तर हा वारसा संपतो आणि काल दिसणाऱ्या कविता आज मुलांना दिसत नाहीत. काही शाळा आपल्या खात्यांबाहेरच्या कोणासही प्रवेश देत नाहीत. तेथे बाईंचाही इलाज चालत नाही, शाळेच्या व्यवस्थापकालाच सांगावे लागते.

अशा वेळी कोणी उतावळा सुचवितो, “लिंक असणाऱ्या कोणालाही उघडता येईल असे करून टाका, म्हणजे कटकट मिटली!” कटकट मिटते हे खरे. परंतु कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. लिंक एका हातातून दुसऱ्या हाती जाते आणि कोठे पोहोचली हे कोणास कळत नाही. त्याच फोल्डरात मुलांची नावे, जन्मतारखा, घरचे पत्ते व छायाचित्रे असतील, तर तीही अनोळखी माणसासमोर उघडी पडतात. त्यापेक्षा पडद्यावरील परवानगी मागण्याचे बटण दाबावे. मालकाला त्याचा ईमेल जातो. मागणारा कोण हे पाहून तो होकार देतो. यात थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

ही व्यवस्था गूगलने प्रथम शोधली असे नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चालवून दाखविली. पुढे १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी अशाच एका नव्या संगणक-व्यवस्थेसाठी प्रत्येक फाईलला, तिला कोणी काय करावे याची यादी जोडण्याची योजना मांडली. बाईंनी केलेली यादी त्याच वंशातली.

कॉर्बातो यांच्या त्या संगणकावर एकदा मोठी गंमत झाली. त्या काळी ती गंमत वाटली नसावी. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत होते. एका फाईलमध्ये सर्वांना दाखवावयाचा दैनिक संदेश होता, दुसरीत सर्वांचे गुप्त संकेतशब्द होते. लेखन-दुरुस्तीच्या कार्यक्रमाने दोघांच्याही तात्पुरत्या प्रतींना एकच नाव दिले, कारण एका जागी एका वेळी एकच मनुष्य काम करील असे तो रचताना गृहीत धरले होते. प्रतींची अदलाबदल झाली आणि संगणकात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात दैनिक संदेशाऐवजी संकेतशब्दांची यादी येऊ लागली.

आज असा गोंधळ सहसा होत नाही. ड्राइव्हमधील लेखात दोघे एकदम लिहू लागले, तरी दोघांचे लेखन एकत्र नांदते आणि जुना मजकूरही मागे जाऊन पाहता येतो. ‘ड्रॉपबॉक्स’ या दुसऱ्या साठवणीत मात्र, इंटरनेट बंद असताना दोघांनी एकच फाईल आपापल्या संगणकावर बदलली, तर साठवण कोणाचेही लेखन पुसत नाही. ती दुसरी प्रत निराळ्या नावाने शेजारी ठेवते. मग दोन्ही प्रती समोर घेऊन कोणती ओळ ठेवावी हे माणसालाच बसून ठरवावे लागते.