हवामानाच्या नोंदी आणि भिवंडीची वीज

भिवंडीचे अर्थकारण यंत्रमागावर आणि यंत्रमाग विजेवर अवलंबून आहे. वीज खंडित झाली की माग थांबतो आणि विणलेल्या कापडावर मजुरी मिळविणाऱ्या कामगाराची तेवढ्या वेळची कमाई बुडते. जानेवारी २००७ मध्ये येथील वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने सोपविण्यात आले व वितरणातील हानी बरीच घटली. परंतु मुळात वीज पुरेशी निर्माण होईल काय, हा प्रश्न मोठ्या अंशी हवामानाशी निगडित आहे.

कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पण त्याचा जलाशय पावसाळ्याच्या चार महिन्यांतच भरतो. औष्णिक केंद्रांनाही पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळी येथील केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले.

सौर व पवन ऊर्जेचे तर सारे भांडवलच हवामान होय. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातील शक्ती एक-अष्टमांश उरते. सौर पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्के घटते. आषाढ-श्रावणात ढगांमुळे सौर वीज कमी मिळते, पण त्याच काळात घाटमाथ्यावर वारा जोराने वाहतो. ही दोन साधने एकमेकांस पूरक ठरतात. ऑक्टोबरमध्ये मात्र वारा मंदावतो, उकाडा वाढतो आणि शेतीपंप सुरू होतात. वार्षिक सरासरीत हा अडचणीचा काळ दिसून येत नाही.

म्हणून नियोजनासाठी केवळ सरासरी पुरेशी नाही. शक्य तेथे तीस वर्षांच्या तापमान, आर्द्रता, ऊन व वारा यांच्या तासातासाच्या नोंदी फीडरवरील वीजमागणीशेजारी मांडून पाहिल्या पाहिजेत. कमी उत्पादन आणि अधिक मागणी सलग किती तास वा दिवस टिकते, हे त्यावरून कळते. बॅटरी किंवा घाटघरसारखे पाणी वर चढवून साठविणारे प्रकल्प किती मोठे असावेत, याचे उत्तर त्यातच आहे. तापमान वाढत असल्याने गतकाळाच्या नोंदींना भावी अंदाजांचीही जोड द्यावी लागेल.

हेच तत्त्व पावसालाही लागू आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कामवारी नदीकाठच्या सखल भागात रोहित्राचा ओटा किती उंच बांधावा, हे सरासरी पावसावरून नव्हे, तर अशा दिवसांवरून ठरले पाहिजे. पुराचे पाणी कोठवर आले याची खूण शाळेच्या वा पंचायतीच्या भिंतीवर तारखेसह करून ठेवणे, हे काम खर्चाचे नाही. अभियंत्यास मात्र ते बहुमोल ठरते.