चुळबुळ्या मुलाच्या आईबाबांशी

आईबाबांनो,

महापेतली पाळी संपवून निघायचं, शीळफाट्यावर कंटेनरच्या रांगेत तास घालवायचा, आणि घरी आल्यावर मुलाच्या डायरीत लाल शाईचा शेरा वाचायचा: ‘वर्गात बसत नाही, वही अपुरी.’ अशा वेळी हात उठतो, हे मला कळतं. तरी आज तो आवरा आणि माझं थोडं ऐका.

प्रत्येक चुळबुळ्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, नसतो. पण सहा महिन्यांहून जास्त काळ, घरीही आणि शाळेतही, मूल हातातलं काम अर्धवट टाकत असेल, वस्तू हरवत असेल, आपली पाळी येईपर्यंत थांबूच शकत नसेल, आणि त्यामुळे त्याचं रोजचं शिकणं अडत असेल, तर तपासणी करून घ्या. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या नोकरीला किंवा आजीच्या लाडांना दोष देऊ नका.

मला सलतं ते वेगळंच. हीच चुळबुळ टॉवरमधल्या घरात ‘निदान’ होते आणि चाळीतल्या घरात ‘वांडपणा’. एकाला थेरपी मिळते, दुसऱ्याला मार. अनेक देशांतल्या अभ्यासांत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांमध्ये ही लक्षणं जास्त आढळली आहेत. म्हणजे गरज जिथे अधिक, तिथेच मदत उशिरा पोचते.

पण काही दारं आपल्यासाठीही उघडी आहेत. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतं, आणि त्याच्या यादीत एडीएचडीही आहे. पथक येईल तेव्हा वर्गशिक्षकांना मुलाबद्दल आवर्जून सांगायला सांगा. अशा अनेक मुलांना वाचन-लेखनाची अडचणही असते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेला स्थान आहे, आणि प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. या अक्षमतेची तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते. मुंब्र्याहून धीम्या लोकलने जाता येतं. फेऱ्या पडतील, रोज बुडेल. तरीही जा.

शाळेकडून काय मागायचं? पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, मोठ्या अभ्यासाचे लहान तुकडे, मधेच फळा पुसायला किंवा वह्या गोळा करायला उठण्याची मुभा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. सर्वसमावेशक शिक्षण रोजच्या वर्गात उतरतं ते अशा गोष्टींतून. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे.

घरीही तसंच करा. दप्तर रात्रीच भरायचं, दहा मिनिटं अभ्यास, मग थोडं हुंदडणं, आणि जमलं त्याचं लगेच कौतुक. डॉक्टरांनी औषध सुचवलं तर घाबरू नका, शंका विचारा, आणि स्वतःहून बंद करू नका. तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

पुढच्या पालकसभेत मागच्या बाकावर मान खाली घालून बसू नका. तक्रारी ऐकून घ्या आणि मग बाईंना विचारा, “बाई, कुठल्या तासाला तो रमतो?” चित्रकलेचा असेल, कवायतीचा असेल. उत्तर लिहून घ्या. पुढची सगळी मेहनत त्या तासापासून सुरू करायची आहे.