लिहायचं कुणासाठी?

मूल घरीच शिकवायचं ठरवलेल्या आईबाबांना गणिताचा फारसा घोर नसतो. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात आणि उत्तर चूक की बरोबर हे कुणालाही कळतं. घोडं अडतं लेखनावर. मग कुणी परदेशी लेखनसंच मागवायचा म्हणतं, कुणी खामगावच्या दुकानातून निबंधाचं गाईड आणतं, कुणी सुलेखनाच्या वह्यांचा गठ्ठा. आणि प्रश्न येतो, ताई, यातलं घ्यावं कोणतं?

मी आधी एकच विचारते. लेकरानं लिहिलेलं वाचणार कोण?

असं का विचारते ते सांगते. घरी शिकून लिहिती झालेली बाई आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई शिंदे, जन्म 1850 च्या सुमारास, बुलढाण्यात. मुलींसाठी शाळा नव्हती. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. पुढे 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे सुरू झाले. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेऊन उत्तर दिलं. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते पुस्तक जरूर चाळा. पुराणातल्या कथा, ‘मंजुघोषा’सारख्या त्या काळच्या कादंबऱ्या, सगळ्यांचा समाचार त्यात घेतलाय, आणि तोही बायकांच्या तोंडच्या खमंग बोलीत. भरपूर वाचलेलं, घरात बोललं जाणारं आणि ज्याला खडसावायचं तो समोर दिसणारा, एवढं जमून आलं म्हणून लेखणी चालली.

आता तुमच्या हातातलं गाईड उघडा. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. कुणाला हवंय हे? तपासणाऱ्यालाही नको असतं.

साताठ वर्षांपर्यंत तर लेखनाचा वेगळा अभ्यासक्रम घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात हात दुखतो, डोकं पळत असतं. लेकरानं सांगावं आणि तुम्ही लिहावं, त्याच्याच शब्दांत. ते परत वाचून दाखवलं की आपलं बोलणं कागदावर बसतं हे त्याला उमगतं. सोबत आवडत्या गोष्टीतल्या चार ओळींचं अनुलेखन पुरे. घाटाखालचं लेकरू ‘मले’, ‘कायले’ म्हणणारच, तेही तसंच लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई पहिल्या खर्ड्यावर तर नकोच. लेकराला जे सांगायचंय ते पूर्ण उतरल्यावर, पक्कं लिहिताना, त्यातल्या दोनच गोष्टी सुधारायच्या.

त्यानंतर मात्र कामं द्या. आजी रोडगे कसे करते ते लिहायला सांगा आणि मग त्या कागदाबरहुकूम तुम्ही स्वतः रोडगे करायला बसा. कागदात मोहन नसेल तर घालू नका. गोवऱ्यांचा उल्लेख नसेल तर कणकेचा गोळा हातात घेऊन नुसत्या बसून राहा. लेकरू हसेल, चिडेल, धावत जाऊन वही आणेल आणि सुटलेली पायरी मधे घुसवेल. पुनर्लेखन शिकवायचं म्हणून संचांमध्ये धडेच्या धडे असतात. इथे ते स्वयंपाकघरात होतं आणि वर रोडगे मिळतात!

थोरल्या मुलांना लोणारला न्या. जून 2020 मध्ये तिथल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. क्षार वाढले, पातळी उतरली आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा तो रंग. हे एकदा पुण्याच्या मामेभावाला पत्रातून समजावायचं आणि एकदा ‘सरोवराला कुणाचा तरी कोप झाला’ म्हणणाऱ्या शेजारच्या काकांना. मजकूर एकच, पण पत्रं दोन होतात. काकांना काय पटेल, त्यांना दुखवायचं नाही तर सुरुवात कशी करायची, हा विचार मूल स्वतः करतं.

संच विकत घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. काही आईबाबांना हाताशी क्रम लागतो, त्यात वावगं काही नाही. फक्त आधी नमुन्याची पानं मागवा. रिकाम्या जागा भरणं जास्त आणि सलग लिहिणं कमी असेल तर ठेवून द्या. इंग्रजी संच असेल तर त्यातले बर्फाचे आणि थँक्सगिव्हिंगचे विषय वगळून पोळा, ज्वारीचा हुरडा, सिंदखेडराजाची 12 जानेवारीची, जिजाऊ जयंतीची गर्दी घाला. आणि आठवड्यातून एकदा तुम्हीही त्याच विषयावर लिहा. आईची खाडाखोड बघितली की लेकराला आपल्या खाडाखोडीची लाज वाटत नाही.

राहिली परीक्षा. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवी, दहावीला बसता येतं, तिथे निबंध, पत्र, सारांश ठरलेल्या साच्यात लागतात. साचा शिकायला परीक्षेआधीचे चार-सहा महिने पुरतात. गाईड तेव्हा काढा.